नळ बाबांच्या नावावर, पाणी कोणाच्याच नाही

आमच्याकडे नळाला चार दिवसांनी एकदा पाणी येतं, तेही पहाटे पन्नास मिनिटं. जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला राहणाऱ्याला यात काही नवल नाही. पण यंदा चैत्रात समोरच्यांचा हौद भरून वाहायचा आणि आमच्या हौदाचा तळही झाकायचा नाही. प्लंबरने बॉलकॉक बदलला, पैसे घेतले, पाणी तेवढंच.

मग मी नळाखाली २० लिटरची बादली ठेवून मोबाइलवर वेळ लावली. भरायला चार मिनिटं! म्हणजे मिनिटाला पाच लिटर, अख्ख्या पाळीत अडीचशे. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी हिशेब. आम्ही पाच जण, चार दिवसांचे २७०० हवेत. आम्ही काटकसरीत राहतो, पण अडीचशेत कसं भागवायचं?

गल्लीतल्या जुन्या फिटरने बादलीचा हिशेब ऐकूनच सांगितलं, "फेरूल चोकअप झालंय." मोठ्या पाइपातून घराला जोड देणारा तो पितळी तुकडा. क्षार साचून भोक निम्म्यावर आलं की पाणी निम्मं होत नाही, त्याच्याही फार खाली जातं. काम अर्ध्या तासाचं, पण त्यासाठी रस्ता खोदायची परवानगी हवी.

आणि तिथे मी अडकलो.

पाणीपट्टी बाबांच्या नावावर. ते जाऊन सहा वर्षं झाली. दरवर्षी मीच भरतो, तेव्हा खिडकीवर कोणी नाव विचारत नाही. अर्ज दिला तर म्हणे, "नळधारकाची सही आणा." मी म्हटलं, कुठून आणू? क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "मग आधी नाव बदला." त्याला मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला. तिन्ही बहिणींनी सह्या समोर येऊन करायच्या. मोठी सुरतेला. ती आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, माहेरी येणार, म्हणून पंचवीस दिवस टँकर. आखाजीला ती आली, पुरणपोळीच्या आधी ऑफिसात नेली, तर क्लार्क रजेवर!

हां, एक राहिलं. अर्ज दिल्या दिवशीच आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. मी पहिला तसाच ठेवून आलो आणि तो "सापडत नाही" झाला. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. कोणती सेवा किती दिवसांत, याचा फलक ऑफिसात लावायचा असतो. आमच्याकडे तो कपाटामागे होता. मी तो वाचायला कपाट सरकवू लागलो, तेव्हा कुठे माझा अर्ज जागचा हलला. तरी वर बारा दिवस गेलेच.

लाइनला टिल्लू पंप लावायचा सल्ला शेजारी देतील. लावू नका. पंप जप्त होतो, शिवाय गल्लीतल्या शेवटच्या घराचं पाणी तुम्ही ओढता. त्या घरात आमची काकू राहते.

फेरूल काढलं तेव्हा आत चुन्यासारखी पांढरी खपली. नवं बसवलं. बादली सव्वा मिनिटात. सुरतेहून बहिणीचा फोन, "उनं का पानी?" म्हटलं, उनं, आलं एकदाचं.

खड्डा बुजवायचे पैसे आगाऊ भरलेत. खड्डा मात्र अजून दारासमोर तसाच आहे. त्याचा वेगळा अर्ज करायचा म्हणतात, आता माझ्या नावाने.