रविवारची निवडणूक

जुबा (दक्षिण सुदानची राजधानी), ऑक्टोबर 2024

घरून फोन आला की बाबा आधी पावसाचं विचारतात आणि मग, "काय रे, तुमच्याकडची निवडणूक झाली का?" नाही झाली. येत्या 22 डिसेंबरला होणार होती, ती 13 सप्टेंबरला सरकारने पुढे ढकलली. आता 22 डिसेंबर 2026. तारीख तीच ठेवली, वर्ष तेवढं बदललं. आमच्या गोदामाच्या हिशेबनिसाने भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाभोवती लाल पेनाने गोल काढलाय. तो अजून तसाच आहे.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. इलेक्शन ड्यूटी लागली की ती आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायची, यादीशी एकेक वस्तू ताडून बघायची, शाई, लाख, सुतळीसकट. मग कुठल्यातरी आडगावच्या शाळेत मुक्काम, आणि दुसऱ्या रात्री सगळं जमा करून पावती मिळेपर्यंत सुटका नाही. परत आल्यावर दोन दिवस तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरात अलिखित नियम होता. पण ही निवडणूक घेतं कोण, सुतळीचे पैसे कोण देतं, हे प्रश्न आम्हाला कधी पडले नाहीत. इथे सगळं भांडण त्यावरच चाललंय.

दक्षिण सुदान 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झाला. तेव्हापासून इथे एकही सार्वत्रिक निवडणूक झालेली नाही. अध्यक्ष साल्वा कीर निवडून आले ते एप्रिल 2010 मध्ये, म्हणजे देश व्हायच्या आधी. डिसेंबर 2013 मध्ये यादवी सुरू झाली. 2015 ची निवडणूक रद्द झाली, अध्यक्षांची मुदत वाढली, मग पुन्हा वाढली. 2018 च्या शांतता करारात संक्रमणकाळ आणि शेवटी मतदान असं ठरलं, आणि तो संक्रमणकाळही लांबतच गेला.

आता भांडण काय आहे ते सांगतो. संयुक्त राष्ट्रसंघ कुठल्याही देशाच्या निवडणुकीत आपणहून पडत नाही. त्या देशाने मागणी करावी लागते, किंवा सुरक्षा परिषदेचा अथवा महासभेचा तसा ठराव लागतो. इथे मागणी झाली, राष्ट्रसंघाची माणसं आली. पण मदत याचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावला. सरकारला पैसा, गाड्या, हेलिकॉप्टर हवी होती. पावसाळ्यात निम्म्या देशाला रस्ता उरत नाही, त्यामुळे ती मागणी खोटी नव्हती. राष्ट्रसंघ आणि देणगीदार देश म्हणत होते, आधी कायमची राज्यघटना कुठे आहे? शिरगणती कुठे आहे? (शेवटची 2008 ची, तीही अखंड सुदानच्या काळातली.) यादवीतल्या दोन बाजूंच्या फौजांचं एक सैन्य कधी होणार? विरोधकांना सभा घेता येणार का? राष्ट्रसंघाचे इथले प्रमुख निकोलस हेसम हेच मुद्दे पुन्हा पुन्हा मांडत राहिले. अमेरिकेने तर जुलै 2022 मध्येच करारावर देखरेख करणाऱ्या यंत्रणांचा पैसा बंद केला.

त्यात तेलाचा विषय. सरकारी तिजोरी म्हणजे तेल, आणि ते तेल उत्तरेकडच्या सुदानमधून नळाने बंदरावर जातं. तिकडे युद्ध पेटलंय, यंदा फेब्रुवारीत एक मोठा नळ फुटला. सरकारी नोकरांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेत. सरकार म्हणतं, बघा, पैसाच नाही. दूतावास म्हणतात, नळ फुटायच्या आधीचा पैसा कुठे गेला? सरकार म्हणतं, आम्ही सार्वभौम आहोत. आमच्या ऑफिसात हा संवाद जेवणाच्या सुट्टीत रोज होतो. दोन्ही बाजू बरोबर वाटतात, म्हणून जास्तच चिडचिड होते.

खरी गंमत सप्टेंबरात झाली. दीड-दोन वर्षं परदेशी मुत्सद्दी सांगत होते, तयारी नाही. आणि सरकार छातीठोकपणे म्हणत होतं, होणार म्हणजे होणार. मग एके दिवशी सरकारच म्हणालं, तयारी नाही. त्यावर मुत्सद्दी रागावले. शब्द तेच, बोलणारं तोंड बदललं की त्याचा अर्थ फिरतो. माझं मत विचाराल तर ही तयारी कधीच पूर्ण होऊ नये असं वाटणारी माणसं खुर्चीवर आहेत, आणि हे ठाऊक असूनही अटींची यादी वाचत राहणारी माणसं समोर.

या मातीत बाहेरच्यांनी निवडणूक घेण्याची आणि त्यावरून बाहेरच्यांनीच भांडण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यात आपला एक माणूस आहे. 1953 मध्ये अखंड सुदानची पहिली संसदीय निवडणूक झाली. ब्रिटन आणि इजिप्त दोघेही तिथले धनी, दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. म्हणून सात जणांचा आयोग नेमला: तीन सुदानी, एक ब्रिटिश, एक इजिप्शियन, एक अमेरिकन आणि अध्यक्ष म्हणून एक भारतीय. ते सुकुमार सेन, भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, आपली 1951-52 ची निवडणूक पार पाडून आलेले. इजिप्त पैसे वाटतो असं ब्रिटिश ओरडत, ब्रिटिश अधिकारी दबाव आणतात असं इजिप्त. सलाह सालेम नावाचे इजिप्तचे मंत्री तर दक्षिणेत येऊन अंगातले कपडे उतरवून लोकांबरोबर नाचले होते. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्यांचं नावच 'नाचरा मेजर' पाडलं. त्या गोंधळात सेन यांनी मतदान निभावून नेलं. पुढे इंग्रज गेले तेव्हा रिकाम्या झालेल्या वरच्या जागांपैकी दक्षिणेच्या वाट्याला अगदी मोजक्या आल्या. ते दुखणं सेन यांच्या मतपेटीत बरं होण्यासारखं नव्हतंच.

हे मी हिशेबनिसाला सांगितलं. त्याला सेन माहीत नव्हते. त्याने पाकिटातून प्लास्टिकमध्ये जपलेलं कार्ड काढून दाखवलं, जानेवारी 2011 च्या सार्वमताचं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती: हातात हात म्हणजे एकत्र राहू, एकच उंचावलेला तळवा म्हणजे वेगळे होऊ. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. त्याने तळव्यापुढे अंगठा उमटवला, आणि 98.83 टक्के लोकांनी तेच केलं. त्या वेळीही राष्ट्रसंघ होता, जिमी कार्टर स्वतः निरीक्षक म्हणून आले होते, पैसा बाहेरूनच आला होता. तेव्हा मात्र कुणाला सार्वभौमत्व आठवलं नाही, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "तेव्हा ते आमच्याकडे नव्हतंच ना."

आज सकाळी तो रजेची वही घेऊन आला. यंदाचा 22 डिसेंबर रविवार होता, त्यामुळे त्याने अर्ज केला नव्हता. 2026 चा मंगळवारी येतोय. आतापासून लिहून ठेवतोस का, म्हणून विचारत होता. मी लिहिलं.