कोपर पुढे करा, हात ओढू नका

दर पावसाळ्यात एकदा तरी आपल्याकडे सगळं तुंबतं आणि मग दोन दिवस मोबाईलवर मुंबई स्पिरिटचे फोटो फिरतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून बिस्किटं वाटणारी पोरं, म्हाताऱ्या आजोबांना पाठीवर घेऊन जाणारा कोणीतरी, आणि खाली हजारो हार्ट. लोक ते मनापासून करतात, मी ते डोळ्यांनी बघितलंय त्यामुळे त्यावर शंका नाहीच. पण मला बरेच दिवस लिहायचं होतं ते एखाद्या साध्या कोरड्या मंगळवारबद्दल, ज्या दिवशी काहीच झालेलं नसतं, गाडी नेहमीसारखी सात मिनिटं लेट असते आणि तरीही बदलापूर ते दादरच्या लोकलमधे, बायकांच्या डब्यात, अनोळखी बायका एकमेकींसाठी इतकं काही करत असतात की मोजायला बसलं तर दिवस जाईल.

आता रोजचा प्रवास करणाऱ्यांना यात काय नवीन असं वाटेल. तीन जणींच्या सीटवर चौथीला टेकायला जागा करून देणं, दारातून कोणाची तरी बॅग आली की ती हातोहात रॅकवर जाणं (कोणाची आहे कोणी विचारत नाही, उतरताना तशीच हातोहात परत येते), "कुठे उतरणार?" विचारणाऱ्या प्रत्येकीला नीट उत्तर देणं, आणि ठाणं गेलं की बसलेलीने उठून उभ्या असलेलीला "बस गं आता तू थोडा वेळ" म्हणणं. यातलं एकही रेल्वेने लिहून ठेवलेलं नाही. सकाळी उपाशीपोटी निघालेल्या एखादीला गर्दीत चक्कर आली की खिडकीची जागा आपोआप रिकामी होते, कोणाच्या तरी पर्समधून लिंबाची गोळी निघते, कोणी ओढणीने वारा घालतं, आणि नेहमी, अगदी नेहमी, कोणीतरी एक बाई तिच्यासोबत पुढच्या स्टेशनला उतरते. स्वतःची गाडी सोडून. ऑफिसला लेट मार्क लागणार हे माहीत असून. आणि ती मुलगी जरा सावरली, तिच्या घरचा फोन लागला की ही बाई मागून येणाऱ्या गाडीत चढून निघून जाते, नाव नाही गाव नाही.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? उपकार चढत नाहीत. ओळखीच्या माणसाने मदत केली की कुठेतरी हिशोब राहतोच, त्यांनी आपल्यासाठी केलं होतं आता आपण त्यांच्यासाठी केलं पाहिजे वगैरे. लोकलमधली माणसं करतात आणि आपलं स्टेशन आलं की उतरून जातात, परतफेड करायची तरी कोणाला.

पण मदत नुसती मनात असून भागत नाही, ती करावी कशी हेही शिकावं लागतं आणि हे मला समजलं ते वांगणीच्या लोकांमुळे. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. घरं त्यातल्या त्यात परवडणारी म्हणून तिथे बरीच अंध कुटुंबं येऊन राहिलीयत, कितीतरी घरात नवरा बायको दोघंही अंध. आणि त्यातल्या अनेकांचं पोट लोकलवर आहे, म्हणजे गाडीत फिरून किल्ल्यांच्या रिंगा, एटीएम कार्डाची कव्हरं, पेनं, क्लिपा असलं विकायचं. कायद्याने गाडीत विनापरवाना विकायला बंदी आहे त्यामुळे पकडलं की दंड भरावा लागतो, ती भीती कायम डोक्यावर. कोरोनात सामान्य प्रवाशांसाठी लोकल बंद झाली तेव्हा या घरांचं काय झालं असेल याचा विचार करा, आपल्याला वर्क फ्रॉम होम होतं.

आमच्या गाडीला संध्याकाळी एक मावशी असतात, पांढरी काठी घडी करून काखेत, गळ्यात अडकवलेल्या बॅगेत सगळा माल कप्प्याकप्प्याने लावलेला. डब्यात शिरल्या की आवाजावरूनच त्यांना गर्दीचा अंदाज येतो. कोणी नोट दिली की त्या ती दोन बोटांच्या मधे धरून लांबी चाचपतात. तुम्ही कधी दहाची आणि वीसची नवी नोट डोळे मिटून हातात घेऊन बघा, रुंदीला दोन्ही सारख्या आणि लांबीत फरक फक्त ६ मिलिमीटरचा. शंभर आणि दोनशेमधे तर ४ च. शंभर आणि त्यावरच्या नोटांवर हाताला लागेल अशी खूण असते, पण नोट चारशे हातातून फिरून मऊ पडली की ती काय लागणार. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला मणी नावाचं ॲप काढलंय, मोबाईलचा कॅमेरा धरला की नोट केवढ्याची ते बोलून सांगतं, चांगलंच आहे ते, पण चालत्या लोकलमधे, एका हाताने दांडी पकडलेली असताना, मागून धक्के बसत असताना मोबाईल काढून कोण नोटा वाचणार?

त्यामुळे तिथे चालतो तो विश्वास. बायका नोट देतानाच बोलतात, "मावशी, पन्नासची आहे हं." मावशी ती एकदा दुमडून वेगळ्या कप्प्यात टाकतात, दहाची सरळ, वीसची अशी, पन्नासची तशी, त्यांची त्यांची पद्धत आहे. सुट्टे परत देताना त्या नोटा पुढे करतात आणि समोरची सांगते, "ही वीसची आलीय, दहाच हवेत मला." एकदा शेजारच्या सीटवरून एक आजी बोलल्या, अहो तिला काय दिसतंय, घ्या की. त्या बोलल्या ते दुकानदाराच्या चुकीवर आपण हसत खिशात टाकतो ना त्या सुरात, वाईट बाई नव्हत्या. पण ती मुलगी, वीस बावीसची असेल, तिने मान वर न करता "म्हणूनच सांगतेय" एवढंच म्हटलं आणि नोट बदलून घेतली.

आणि मग उतरायची वेळ. कल्याणला काय गर्दी असते ते नव्याने सांगायला नको. एक बाई, हेतू शंभर टक्के चांगला, पुढे झाल्या आणि मावशींचं मनगट धरून "चला चला मी उतरवते" म्हणत ओढायला लागल्या. मावशी थांबल्या. चिडल्या वगैरे अजिबात नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही मला धरू नका, मी तुम्हाला धरते." आणि हात सोडवून त्या बाईंच्या कोपराच्या जरा वर पकडलं. मग दोघी उतरल्या, बाई अर्धं पाऊल पुढे, मावशी अर्धं पाऊल मागे.

त्या अर्ध्या पावलातच सगळं आहे. आपण मनगट ओढतो तेव्हा समोरच्या माणसाला पुढे पायरी आहे का खड्डा आहे काहीच कळत नाही, तो नुसता फरफटत येतो आणि त्याची काठीही निकामी होते. कोपर धरलं की आपलं शरीर वर जातंय का खाली, कुठे वळतंय, कुठे थांबतंय हे त्यांना हातातून समजतं आणि सोडायचं असेल तर केव्हाही सोडता येतं. काठीला तर हात लावूच नये, काठी ओढणं म्हणजे आपले डोळे कोणीतरी धरून फिरवण्यासारखं आहे. आधी विचारायचं, "मदत करू का?" नको म्हणाले तर नको, रोजच्या वाटेवर त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. हो म्हणाले तर कोपर पुढे करायचं, जिना आला की वर जातोय का खाली ते बोलायचं, गाडी आणि प्लॅटफॉर्मच्या मधली फट आली की थांबून सांगायचं, आणि आपली वाट वेगळी झाली की "मी जाते आता, तुमच्या समोर तिकीट खिडकी आहे" असं सांगून जायचं. बरेच जण न सांगता निघून जातात आणि तो माणूस हवेशी बोलत राहतो, फार वाईट वाटतं ते बघून. अपंगांचा डबा कुठे येणार ते समजावं म्हणून बऱ्याच प्लॅटफॉर्मवर बीप बीप आवाज करणारं यंत्र लावलंय. आता सांगा, त्याच्या खाली उभं राहून मोठ्या आवाजात रील्स बघणाऱ्याला काय म्हणावं? हेडफोन लावा एवढं केलंत तरी ती मदतच आहे.

वांगणीवरून अर्थातच मयूर शेळके आठवतात. १७ एप्रिल २०२१. अंध आई लहान मुलाला घेऊन प्लॅटफॉर्मवरून चालली होती, मुलगा प्लॅटफॉर्मच्या काठावरून खाली रुळावर पडला, आईला समजेना तो कुठे पडलाय, ती चाचपडतेय आणि समोरून उद्यान एक्सप्रेस. रेल्वेत पॉइंट्समन (रुळांचे सांधे सांभाळणारे) असलेले मयूर शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेने धावत सुटले, मुलाला प्लॅटफॉर्मवर ढकललं आणि अगदी शेवटच्या क्षणी स्वतः वर चढले. तो सीसीटीव्हीचा व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला. रेल्वेने त्यांना ५० हजारांचं बक्षीस दिलं तेव्हा त्यांनी त्यातले अर्धे पैसे त्या मुलासाठी देणार असं सांगितलं. धावण्याचं कौतुक आहेच, पण मला हे दुसरं जास्त मोठं वाटतं. धावताना विचार करायला वेळच नव्हता, पैसे हातात आल्यावर मात्र भरपूर वेळ होता आणि तेव्हाही त्यांच्या डोक्यात ते घर होतं.

वांगणी आणि बदलापूरच्या मधेच जुलै २०१९ मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. उल्हास नदीचं पाणी रुळांवर, रात्रभर गाडी जागच्या जागी, आत हजाराच्या वर माणसं, त्यात गरोदर बायका. एनडीआरएफ, नेव्ही सगळे आले आणि दुपारपर्यंत सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. पण आसपासच्या गावातली माणसं पण मदतीला उतरली होती हे आमच्याकडे सगळ्यांना माहितीय, ज्यांच्या स्वतःच्या शेतात पाणी होतं ती माणसं. २६ जुलै २००५ ला तेच, सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर पाऊस आणि लोक रस्त्यावरून, रुळांवरून चालत घरी निघालेले, वाटेतल्या चाळींनी अनोळखी बायकांना रात्री घरात घेतलं, कोरडे कपडे दिले. आणि ११ जुलै २००६ ला वेस्टर्न रेल्वेच्या लोकल गाड्यांमधे बॉम्बस्फोट झाले तेव्हा रुळांच्या बाजूच्या वस्त्यांमधली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली, त्यात घालून जखमींना उचललं. ते शहर त्या दिवशी अचानक चांगलं झालं असं मला वाटत नाही. चौथ्या सीटची, हातोहात जाणाऱ्या बॅगेची सवय असलेलेच हात होते ते.

रस्त्यावर मात्र आपण अजून घाबरतो आणि हे बोललं पाहिजे. आमच्या नात्यातल्या एका मुलाची बाईक हायवेला घसरली, डोक्याला मार, आणि कितीतरी गाड्या स्लो होऊन बघून पुढे गेल्या. शेवटी एका टेम्पोवाल्याने त्याला उचलून हॉस्पिटलला नेलं, त्याच्याच मोबाईलवरून आम्हाला फोन केला, आम्ही पोचेपर्यंत बाकड्यावर बसून राहिला. शर्टाला रक्त लागलेलं. काकांनी पैसे पुढे केले तर म्हणाला, "राहू द्या काका, माझा पण भाऊ फिरतो ना रस्त्यावर." आणि जाताना हळूच विचारलं, पोलीस मला बोलावतील का हो? म्हणजे ही भीती पोटात ठेवून तो माणूस तासभर तिथे बसला होता.

तर हे नीट वाचा. सुप्रीम कोर्टाने २०१६ मधे अपघातात मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या गाइडलाइन्स मान्य केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल केस होऊ शकत नाही. पोलीस किंवा हॉस्पिटल तुम्हाला नाव, पत्ता, नंबर द्यायची जबरदस्ती करू शकत नाहीत, साक्षीदार व्हायचं का नाही ते तुम्ही ठरवायचं. हॉस्पिटल तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला सरकारकडून बक्षीस पण आहे, आधी ५ हजार होतं आता २५ हजार केलंय, राहवीर नावाने. बक्षिसासाठी कोणी थांबेल असं मला वाटत नाही, पण आपल्याला कोणी अडकवणार नाही हे माहीत असलं तर थांबणारे नक्की वाढतील.

ॲम्ब्युलन्सला १०८, रेल्वेत काही झालं तर १३९, हे दोन नंबर आजच सेव्ह करा. मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कलम १३४ अ ची माहिती टाकली तर चार जणांनी लगेच विचारलं, हे खरंय का? खरंय. तुमच्या ग्रुपवर पण टाका, आणि ज्या घरात कोणी टेम्पो, रिक्षा, ट्रक चालवतं त्यांना तर समोर बसवून सांगा, कारण अपघाताच्या जागी बहुतेक वेळा तेच आधी पोचलेले असतात.