सायक्लोस्टाइलची शाई

‘अनियतकालिक’ हा शब्द मला फार आवडतो, कारण अंक वेळेवर निघणार नाही, ही कबुली त्यात आधीच देऊन ठेवलेली आहे. 1950च्या दशकाच्या मध्यास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ या कवींनी मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक काढले, ते सायक्लोस्टाइल करून. टंकलेखन यंत्राची फीत बाजूला सारून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरे ठोकायची, म्हणजे त्या चिरांतून शाई कागदावर झिरपत असे. मात्र घाव जोरात बसला, तर ‘ठ’ची पोकळीच गळून पडे आणि तिथे काळा ठिपका उमटे. काही शे प्रतींनंतर स्टेन्सिल फाटत असे, त्यामुळे खप आपोआपच मर्यादित राही. (आमच्या शाळेतल्या प्रश्नपत्रिकाही अशाच निघत, त्यांचा तो तेलकट वास अजून आठवतो.)

पुढच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’ आणि राजा ढाले यांचे ‘येरू’ निघाले. ढाले यांनी तर 1969मध्ये ‘सत्यकथा’ या प्रतिष्ठित मासिकाच्या अंकाची होळीच केली. ती कृती मला आजही थोडी नाटकी वाटते. पण अशा मासिकांकडून आलेल्या नकाराच्या, ‘साभार परत’च्या चिठ्ठ्या ज्यांनी साठवल्या असतील, त्यांना ती तशी वाटली नसावी.