एयू माइक अपडेट: ट्रान्झिट सापडला, तो मीच पुसत होतो

मंडळी, दिसला एकदाचा! एयू माइक हा तारा, बी हा त्याचा ग्रह. ग्रह ताऱ्यासमोरून गेला (ट्रान्झिट) की ताऱ्याचं तेज जरा घटतं, तोच आलेखातला खड्डा; मी तो नासाच्या टेस दुर्बिणीच्या डेटात शोधत होतो. काल रात्री पावणेदोनला, इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू होता, सोलापुरातल्या आमच्या बाळ्यात लाईट गेलेली, आणि स्क्रीनवर बी चा खड्डा स्वच्छ दिसला.

तीन आठवडे कुठं गेले ते सांगतो. तारा सव्वादोन कोटी वर्षांचा, म्हणजे अगदी पोर, डाग भरपूर, ४.८६ दिवसांत एक गिरकी, त्यात फ्लेअर, म्हणजे अचानक तेज उसळणं. डागांमुळे तेज काही टक्के वरखाली होतं आणि ग्रहाचा खड्डा फक्त ०.२६ टक्के, त्यामुळे फ्लॅटन, म्हणजे डागांचे चढउतार सपाट, केल्याशिवाय गत्यंतर नाही. मी लाइटकर्व्ह या पायथन पॅकेजचं फ्लॅटन डीफॉल्टवरच चालवत होतो. विंडो, म्हणजे फिल्टर एकावेळी बघतो तो तुकडा, १०१ पॉइंट, दोन मिनिटांना एक पॉइंट, म्हणजे २०२ मिनिटं. आणि ट्रान्झिट साडेतीन तासांचा, २१० मिनिटं! फिल्टर खड्ड्यालाच डाग समजून बुजवत होता. वर सिग्मा क्लिपिंग, म्हणजे फार वेगळे पडणारे पॉइंट उडवणं, दोन्ही बाजूंनी लावलेलं, फ्लेअर तर वरच जातात, मग खालचे पॉइंट कशाला उडवायचे?

आता वोटान या दुसऱ्या पॅकेजचं बायवेट फिल्टर घेतलं, विंडो ट्रान्झिटच्या तिप्पट, साडेदहा तास, आणि क्लिपिंग फक्त वरून. दोन्ही खड्डे एकावर एक ठेवले तर उतरत्या कडा अशा जुळल्या की मी उठून गच्चीवर एक चक्कर मारून आलो. लाइटकर्व्ह डेटा उतरवायला आणि प्लॉटला झकास आहे, पण तरुण ताऱ्याला त्याचं डीफॉल्ट लावू नका.

पुढं सी, म्हणजे याच ताऱ्याच्या दुसऱ्या ग्रहाच्या मागे लागणार होतो. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, सेक्टर १ मधल्या (सेक्टर म्हणजे टेस आकाशाचा एक भाग साधारण २७ दिवस बघते तो टप्पा) बी च्या त्या दोन खड्ड्यांत १६.९ दिवसांचं अंतर आहे आणि मधला बरोबर डेटाच्या गॅपमध्ये गेलाय, म्हणजे बी च्या एका फेरीचा काळ १६.९ दिवस का ८.४६ हे एवढ्यावर ठरतच नाही. बी च्या शोधाच्या २०२० च्या पेपरात त्यासाठी स्पिट्झर ही अवकाश दुर्बीण लागली होती. आपल्याकडे सेक्टर २७ आहे, बी चे तीन ट्रान्झिट, शिवाय २० सेकंदांचा डेटा, फ्लेअर वेगळे काढायला सोपं. आधी तेच.

गच्चीवरून एयू माइकचा नाद सोडला, इथून तो जेमतेम ४१ अंश वर येतो, तोही शहराच्या उजेडात. डिसेंबरात व्ही १२९८ टॉ हा दुसरा तरुण तारा बघू, सोलापुरात तो जवळपास डोक्यावरून जातो. त्याच्या बी चा ट्रान्झिट सहा तासांहून लांब, वेळही मागंपुढं होते, तेव्हा दोन-तीन रात्री धराव्या लागतील, सोलापूरची गड्डा जत्रा सुरू व्हायच्या आत. फक्त कॅमेऱ्याचा अडॅप्टर यायला हवा, सप्लायरनं दोनदा चुकीच्या आट्यांचा पाठवलाय.

सेक्टर २७ डाउनलोडला लावलाय.