वाटेवरच तर घर आहे

ठाण्याहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं तर नकाशाआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा; पहाटे आणि दुपारी-संध्याकाळी, दोन्ही वेळा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं ते ओहोटीलाच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर भरतीत करूच नये. पायऱ्या उतरून कातळावर पोचलं की एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. पायाखाली शेवाळ असतं, लाट आली तर सरकायला जागा नसते.

दुसरं वेळापत्रक नातेवाइकांचं. ते चुलीवर चालतं. ‘वाटेवरच तर घर आहे, उभ्याउभ्या येऊन जा’ याचा अर्थ दीड तास. कोकम सरबत, मग पोहे, चहा, आणि निघता निघता ‘वाडी तरी बघून जा’. यात फोनची वेळ महत्त्वाची. आदल्या दिवशी केला तर जेवण ठरलंच. अर्ध्या तासावर असताना केला तर चहा-पोह्यांवर निभावतं. न सांगता पुढे गेलात, तर पुढच्या लग्नापर्यंत ऐकून घ्यायची तयारी हवी.

खरी पंचाईत खाड्यांची. पनवेल, वडखळ, अलिबाग, मुरूड असं येऊन आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत घालायची आणि दिघीला उतरायचं. पुढे बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. बोटीत गाडी उभी केली की हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. शेवटची फेरी चुकली तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणचा वळसा. म्हणून चहाचं घर खाडीच्या अलीकडचं धरावं आणि जेवणाचं पलीकडचं. श्रीवर्धनला मावशीने भात टाकला, की वेश्वीची बोट विसरावी.

परतीची डिकी भरणं ही वेगळीच विद्या. नारळ सर्वांत खाली, गोणीचं तोंड बांधून. नाहीतर प्रत्येक वळणावर गडगडतात. फणसाच्या देठाला चीक असतो, तिथे कागद गुंडाळावा. कोकमाच्या आगळाची बाटली मात्र डिकीत नकोच, कुणाच्या तरी पायांत उभी धरावी. आगळात मीठ भरपूर. सांडलं तर डाग राहतोच, शिवाय मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात गाडीतलं कार्पेट पुन्हा ओलं होतं. पत्र्यापर्यंत गेलं तर गंज.

सुकट आधी कागदात, मग पिशवीत, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. एवढं करूनही ऐरोलीच्या सिग्नलला काचा वर करून एसी लावला, की मागच्या सीटवरून प्रश्न येतोच, ‘डबा नीट लागलाय ना?’