तुम्ही विचारलंत म्हणून : भूगर्भातील श्रीमंती वर का येत नाही?

अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. माझ्या वाट्याला सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न असा : ज्यांच्या जमिनीत तेल आहे, हिरे आहेत, तांबे आणि कोबाल्ट आहे, त्यांतले इतके देश गरीब का राहतात? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तर तयारच असते, ‘नेते भ्रष्ट, दुसरे काय!’ ते उत्तर मी खोडून काढत नाही. पण भ्रष्ट माणसे जगात सर्वत्र असतात. याच देशांत ती इतकी बलवान का होतात, हे त्यातून कळत नाही.

रिचर्ड ऑटी या अभ्यासकाने १९९३ साली याला ‘संसाधनांचा शाप’ म्हटले आणि तो शब्द रूढ झाला. मला तो कधीच पटला नाही. शाप म्हटला की तो देणारा कोणी तरी आला, पाठोपाठ उःशाप आला आणि भोगणारा आपोआप निर्दोष ठरला. प्रत्यक्षात जे घडते ते टप्प्याटप्प्याने घडते आणि प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी निर्णय घेतलेला असतो.

नायजेरियाचे उदाहरण मी नेहमी देतो. १९५६ साली नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ओलोइबिरी येथे तेल लागले. १९६० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा मात्र त्याची निर्यात मुख्यतः कोको, भुईमूग आणि पाम तेल यांची होती. उत्तरेकडील कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांच्या थप्प्या पिरॅमिडसारख्या रचलेल्या असत आणि त्यांची छायाचित्रे देशाची ओळख म्हणून छापली जात. १९७३-७४ मध्ये तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला. डॉलरचा ओघ सुरू झाला की देशाचे चलन वधारते, बाहेरचा गहू आणि तांदूळ स्वस्त पडू लागतो, आणि शेतकऱ्याच्या मालाला परदेशी बाजारात मिळणारा भाव त्याच्या हातात पोहोचेपर्यंत आटतो. ग्रोनिंगन येथील नैसर्गिक वायूमुळे नेदरलँड्सच्या कारखानदारीला असाच फटका बसला होता, म्हणून १९७७ पासून या दुखण्याला ‘डच आजार’ म्हणतात. कानोच्या भुईमुगावर त्याच सुमारास दुष्काळ आणि रोगही पडला होता, हे सांगितलेच पाहिजे. परंतु पीक गेल्यानंतर ते पुन्हा उभे करण्याची निकड कोणाला वाटली नाही, कारण तिजोरी दुसऱ्याच मार्गाने भरत होती. ते पिरॅमिड नाहीसे झाले.

पैसा अचानक आला की तो कसा खर्च होतो, हे पाहायचे असेल तर १९७५ सालचे लागोस बंदर डोळ्यांसमोर आणावे. सरकारने सुमारे २ कोटी टन सिमेंटच्या मागण्या नोंदवल्या होत्या. त्यांतील मोठा भाग संरक्षण खात्याचा, लष्करी बराकींसाठी. बंदराची माल उतरवून घेण्याची वार्षिक क्षमता त्या मानाने नगण्य होती. शेकडो जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून ताटकळत उभी राहिली आणि प्रत्येक दिवसाचे विलंबशुल्क सरकारच्या नावावर चढत गेले. हा केवळ भ्रष्टाचार नव्हता. एवढे सिमेंट उतरवायचे कोठे, हा साधा प्रश्न खर्चाआधी विचारण्याची गरज त्या व्यवस्थेत कोणालाच वाटली नव्हती, आणि माझ्या मते मूळ दुखणे तेथेच आहे.

सरकारचे उत्पन्न कोठून येते, यावरून ते कोणाकडे तोंड करून उभे राहते हे ठरते. लाखो लोकांकडून थोडाथोडा कर गोळा करायचा तर त्यांची नोंद ठेवावी लागते, त्यांचे धंदे चालतील हे पाहावे लागते, त्यांची कुरकुर ऐकावी लागते आणि कधी तरी हिशेबही द्यावा लागतो. उलट, चार-दोन परदेशी कंपन्यांशी करार करून स्वामित्वधन (रॉयल्टी) थेट तिजोरीत येत असेल, तर लोक ही सरकारची गरज राहत नाही. ते खर्चाची बाब होतात. तेलाच्या विहिरींवर आणि राजधानीवर ताबा ठेवला की पुरते. विषुववृत्तीय गिनीत अध्यक्ष ओबियांग १९७९ पासून सत्तेवर आहेत. नव्वदच्या दशकात तेल मिळाल्यावर देशाचे दरडोई उत्पन्न आफ्रिकेत वरच्या रांगेत गेले, पण सामान्य माणसाचे जगणे त्या आकड्याच्या जवळपासही फिरकले नाही.

भावांची चढउतार हा आणखी एक भाग आहे, तो थोडक्यात सांगतो. झांबियाची जवळपास सगळी निर्यात तांब्याची होती; १९७५ साली भाव कोसळला तेव्हा सरकारने तो लवकरच सावरेल असे गृहीत धरून कर्ज काढले. भाव सावरला नाही, कर्ज राहिले.

यावर लगेच विचारले जाते, ‘मग नॉर्वेचे काय? तेल असूनही तो सुस्थितीत आहे!’ नॉर्वेला १९६९ साली मोठा तेलसाठा सापडला तेव्हा तेथे कर भरणारे नागरिक, प्रश्न विचारणारी संसद आणि काम जाणणारे प्रशासन आधीपासून होते. त्यामुळे मला ते उदाहरण फारसे उपयोगाचे वाटत नाही. मी बोट्स्वाना पुढे करतो. १९६६ साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तो जगातील अतिगरीब देशांत मोडत होता. १९६७ साली ओरापा येथे हिरे सापडले, आणि त्याच वर्षी भूगर्भातील खनिजांचा हक्क जमातींकडून काढून राष्ट्राकडे देणारा कायदा झाला. ओरापाचा परिसर अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखातला होता. हा हक्क आपल्या लोकांकडेच ठेवणे त्यांना राजकीयदृष्ट्या सोपे गेले असते. पुढे सरकारने खाणकंपनीत निम्मी मालकी मिळवली, आणि हिऱ्यांचा पैसा शक्यतो रस्ते, शाळा आणि बचत यांसाठी वापरण्याचे पथ्य बऱ्याच अंशी पाळले. तेथील विषमता आजही तीव्र आहे आणि कृत्रिम हिऱ्यांमुळे अलीकडे अर्थव्यवस्था अडचणीत आहे. स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष २०२४ च्या निवडणुकीत पराभूत झाला आणि मुकाट्याने पायउतार झाला. हिरे असलेल्या देशात असे घडू शकते, ही मला हिऱ्यांहून मोठी गोष्ट वाटते.

असे कायदे बाहेरून आणून बसवता येतात का? आफ्रिकेतील चाडमध्ये तो प्रयोग झाला. जागतिक बँकेच्या पाठबळाने कॅमेरूनच्या किनाऱ्यापर्यंत तेलवाहिनी टाकण्यात आली आणि त्या बदल्यात चाडने १९९९ साली कायदा केला, ज्यात भावी पिढ्यांसाठी दहा टक्के वेगळे काढण्याची तरतूद होती. २००३ साली तेल वाहू लागले. दोन-तीन वर्षांतच सरकारने तो निधी रद्द केला आणि सुरक्षेवरील खर्च ‘अग्रक्रमाच्या’, म्हणजे तेलाचा पैसा आधी ज्यांवर खर्चायचा त्या बाबींच्या यादीत घातला. २००८ साली बँकेने काढता पाय घेतला. कायदा कागदावर उत्तम होता, पण तो मोडला गेला तर आपले काही जाईल असे वाटणारा मोठा वर्ग देशात नव्हता.

राहता राहिला तो शब्द, उत्पन्न. खनिज विकून आलेल्या पैशाला आपण उत्पन्न म्हणतो, पण घरातली भांडी विकून आलेल्या पैशाला कोणी कमाई म्हणत नाही. ते विकून खाणे असते. नाउरू हे प्रशांत महासागरातील अवघ्या २१ चौरस किलोमीटरचे बेट १९६८ साली स्वतंत्र झाले आणि फॉस्फेटच्या जोरावर सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातल्या अग्रगण्य देशांत गणले गेले. नागरिकांना आयकर नव्हता. सरकारने मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली, लंडनमधील एका संगीतिकेतही पैसे घातले. संगीतिका पडली आणि इमारत २००४ साली विकावी लागली. बेटाच्या मधल्या भागात आता चुनखडीचे उघडे सुळके उभे आहेत. त्यांच्यामधली फॉस्फेटची माती उपसून नेलेली आहे, आणि तेथे शेती करता येत नाही की घर बांधता येत नाही. नाउरूने पगारावर कर लावायला सुरुवात केली ती २०१४ साली.