मेक्सिकोचा एक तास आणि माझं चार वेळा बंद झालेलं तिकीट

सोमवार, 3 एप्रिल 2023. मेक्सिको सिटीचा कॉल एरवी आमच्या रात्री साडेआठला असतो, म्हणजे हिंजवडीतून वेळेत निघून, घरी कुकर लावून मग बसता येतं. त्या दिवशी कॅलेंडर साडेसात दाखवत होतं. ऑफिसातच थांबले आणि वीस मिनिटं स्क्रीनवर स्वतःचंच थोबाड बघत बसले. शेवटी तिकडच्या मॅनेजरबाईंना मेसेज टाकला. त्या म्हणाल्या, "इथे आत्ता आठ वीस झालेत. कॉल नऊला ना?"

अमेरिकेचं घड्याळ मार्चमध्ये उन्हाळ्यापुरतं तासभर पुढे सरकतं, ते आम्हाला पाठ आहे. मेक्सिकोतही एप्रिलमध्ये असंच व्हायचं, पण त्यांनी हा प्रकार ऑक्टोबर 2022 मध्ये बंद केला. 30 तारखेला घड्याळं मागे घेतली ती कायमची, आणि कायदा छापून आला जेमतेम दोन दिवस आधी. हिवाळ्यात जुना आणि नवा नियम एकच वेळ देतात, म्हणून पाच महिने कुणाला पत्ता लागला नाही. 2 एप्रिलच्या रविवारी बिंग फुटलं. तिकडे जुने फोनसुद्धा आपोआप तासभर पुढे गेले. बाईंनी वैतागून आपल्या फोनला कोस्टा रिकाचा टाइम झोन लावला. तिथे घड्याळ बदलतच नाही.

मी ऑफिसच्या आयटी मदत विभागाकडे तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार, टाकलं. उत्तर: "आपल्या लॅपटॉपची वेळ बरोबर आहे." तिकीट बंद. अहो, लॅपटॉपची वेळ चुकलीय असं म्हणालं कोण? पुन्हा उघडलं. या वेळी वेगळा माणूस, "विंडोज अपडेट करून रीस्टार्ट करा." केलं. तरी साडेसातच. तिसऱ्याने स्वतःच्या मशीनवर नवी मीटिंग टाकून पाहिली, ती बरोबर साडेआठला आली, म्हणून "आमच्याकडे व्यवस्थित चालतंय" लिहून बंद! चौथ्याने कॉल हाताने तासभर पुढे ओढायला सांगितलं. हे मात्र कधीही करू नका. मी ऐकलं, तर माझ्या कॅलेंडरात साडेआठ आणि बाकी टीमला साडेसात.

दोन आठवडे गेले. मग चहाच्या टपरीवर सर्व्हर टीममधला एक मुलगा भेटला. त्याने आमंत्रणाची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत टाइम झोनचं नुसतं नाव नव्हतं, अख्खा नियमच चिकटवलेला होता: एप्रिलच्या पहिल्या रविवारी एक तास पुढे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या या कॉलची मालिका 2021 मध्ये तयार झालेली, त्यामुळे नियमही तेव्हाचा. आमचं कॅलेंडर तोच नियम इमानाने पाळत होतं. मशीन कितीही अपडेट करा, आमंत्रणातला नियम कोण बदलणार? तिसऱ्या माणसाची नवी मीटिंग बरोबर का आली तेही तेव्हा कळलं. आणि या सगळ्यावर राग येण्याइतका सोपा उपाय होता: जुनी मालिका रद्द, नवी तयार. दोन मिनिटं.

हो, एक राहिलंच. रद्द करण्याआधी अजेंडा आणि जोडलेल्या फाइली काढून ठेवा, माझ्या गेल्या. शिवाय मालिका ज्याने काढली त्यालाच बदलायला सांगा. आणि समोरचा मेक्सिकोत नेमका कुठला, तेही विचारा: तिहुआनासारखी सीमेवरची शहरं अजून अमेरिकेबरोबर घड्याळ बदलतात. सर्व्हरवर जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतलं काही चालत असेल तर त्याचा टाइम झोनचा तक्ता वेगळा असतो, तोही अपडेट करावा लागतो.

बाईंनी नवी मालिका काढली ती फोनवरून. त्यामुळे आमचा मेक्सिकोचा कॉल आजही कॅलेंडरात कोस्टा रिकाच्या वेळेने दिसतो. साडेआठला येतो, मी हात लावत नाही.